दोर आधी भिजवायचा होता

राघोअण्णा,

तुझ्या दहाव्याला कावेरीच्या घाटावर जमलेले सर्वजण तुझ्याविषयी चांगले बोलत होते आणि मी एकटा तुझ्यावर रागावून उभा होतो. गेलेल्या माणसावर राग धरू नये, हे मला शिकवले गेले आहे आणि मी ते मानतो. स्नान करून ओल्या पंच्याने उभा असताना मी मनाला पुष्कळ समजावले. परंतु तुझे नाव उच्चारून तिलांजली देण्याची वेळ आली, तेव्हा मला तुझे हसणे आठवले. मान मागे टाकून, पोट हलवून, पैलतीरावरच्या परटालाही ऐकू जाईल असे ते हसणे. माझी ओंजळ तशीच राहिली. भटजींना दोनदा सांगावे लागले, "सोडा, व्यंकटराव, पाणी सोडा."

तू कोणाचा नातू, कोणाचा जावई, किती सज्जन होतास, हे सांगणारे गावात पुष्कळ आहेत. त्यांतील बहुतेकांना तू कधी ना कधी गाढव म्हटलेले आहेस. ते विसरले, हा त्यांचा मोठेपणा. मला केवळ दोराविषयी लिहायचे आहे. आडी महिना, म्हणजे तमिळ लोकांचा आषाढ, तोंडावर आला आहे, नदीला लवकरच वरचे पाणी येईल, आणि कचेरीच्या होड्यांना यंदा कोणता दोर द्यायचा, त्या मागणीचा कागद माझ्या सहीसाठी पडून होता. इतकी वर्षे केली तशी त्यावर सही करावी, तर जे केले ते पुन्हा केल्यासारखे होईल. न करावी, तर का नाही ते सांगावे लागेल. आणि ते सांगताना तुझ्याबाबतीत मी काय केले, तेही सांगावे लागेल. तुझ्या आजारपणाचे शेवटचे पंधरा दिवस मी त्या कागदाकडे पाहत घालवले. तुला भेटायला आलो नाही, त्याचे कारण हे.

तंजावरचे राज्य खालसा झाले, तेव्हा आपल्या दोघांच्या वडिलांची, त्या सख्ख्या भावांची, चाकरी एकाच दिवशी गेली. त्यांनी उरलेले आयुष्य ओसरीवर बसून दरबारच्या गोष्टी सांगण्यात काढले. आपल्याला इंग्रजांच्या कचेरीत शिरावे लागले. नद्यांचे बांध राखण्याचे ते खाते. तुला पोहता येत होते म्हणून तू होड्यांचा मुकादम झालास. माझे अक्षर वळणदार होते आणि साहेबांची भाषा मला येत होती म्हणून मला सामानघर मिळाले. पुरात बांध जेथे खचेल तेथे बांबू, झुडपांच्या मोळ्या आणि वाळूची पोती घेऊन तुझ्या चार लहान होड्या धावत, आणि त्यांना लागणारी प्रत्येक वस्तू माझ्या दारातून जात असे. भांडण्यासाठी याहून सोयीची जागा कोणी आपल्याला दिली नसती.

सामानघरात पूर्वी दोरांचे पाच-सहा प्रकार असत. कोणता कशासाठी, हे शिपायांना कळत नसे आणि खरे सांगायचे तर मलाही नीटसे कळत नसे. म्हणून मी बाजारातला एकच तागाचा दोर सर्व कामांसाठी ठरवला. विहिरीला तोच, परांचीला तोच, तंबूला तोच, बैलाला तोच. स्वस्त, कोठेही मिळणारा, दिसायला गुळगुळीत. साहेबांना ही व्यवस्था आवडली. होड्यांसाठी तो प्रथम धाडला, त्या दिवशी तू तो वेटोळ्यासह खांद्यावर टाकून उन्हातून चालत आलास आणि तो माझ्या मेजावर आपटलास.

"हा काय?"

"दोर आहे, अण्णा."

"कशाचा?"

"सर्व कामांचा."

"सर्व कामांचा घरजावई असतो, येंकू. त्यालाही कोणी पुरात उतरवत नाही."

शिपाई हसले. तू त्यांच्याकडे पाहून आणखी हसलास. मग बसून, पान चघळत, मला मूर्ख विद्यार्थ्याला सांगावे तसे सांगितलेस. होडीला काथ्याचा दोर हवा. काथ्या पाण्यावर तरंगतो. माणूस पडला तर त्याच्या हाताला लागतो. ताग बुडतो. काथ्या ताणला की थोडा लांबतो आणि होडीला हिसका बसू देत नाही. ताग भिजला की फुगतो, आखडतो, आणि त्याची गाठ मग कोणाच्या बापाला सुटत नाही. विणकर ताण्याला खळ देतात तशी बाजारवाले या दोराला देतात. पाण्यात खळ गेली की खरा दोर दिसतो.

मी म्हणालो, "काथ्या गोड्या पाण्यात सडतो. समुद्रावरचे लोक त्याचे गुण गातात, कारण खारे पाणी त्याला राखते. इथे वर्षभरात तो बोटांनी कुसकरता येतो."

"सडतो म्हणूनच तो दर वर्षी हातात घेऊन पाहावा लागतो. न सडणाऱ्या दोराकडे तुझ्यासारखा माणूस ढुंकून तरी बघेल का?"

अण्णा, माझा मुद्दा पोकळ नव्हता, हे मी आजही म्हणतो. तागाचा दोर काथ्याहून अधिक टिकला, त्याने अधिक भार सोसला. तुला तेवढे मान्य करता आले असते. परंतु समोरच्याच्या म्हणण्यात चार दाणे आहेत हे कबूल करणे तुझ्या स्वभावात नव्हते. तू बरोबर असायचास, आणि बरोबर असण्याचा तुला हावरटासारखा आनंद होत असे. तुझ्यामुळे मला खऱ्या गोष्टीचाही तिटकारा येऊ लागला होता.

त्या वर्षी आडीच्या अठराव्या दिवशी आपली घरे नेहमीप्रमाणे चित्रान्नाची, म्हणजे चिंचेच्या नि लिंबाच्या भातांची, भांडी घेऊन घाटावर आली. वाढलेल्या नदीची पूजा झाली, बायकांनी हळदीचा दोरा बांधला, आणि पंगत बसण्यापूर्वी तू मला हाक मारलीस. माझ्या सासुरवाडीची माणसे होती, तुझे नावाडी होते. तू पहाटेपासून माझा दोर पाण्यात ठेवून एका खुंटाला बांधला होतास.

"येंकू, ही सुरगाठ आहे. तुझ्या सासूबाईही एका हाताने सोडतील. सोड."

मी टोक ओढले. ते हलले नाही. दोन्ही हातांनी ओढले. नख मोडले, रक्त आले, आणि गाठ शिशाच्या गोळीसारखी घट्ट राहिली. तू नावाड्यांना समजावे म्हणून तमिळमध्ये ओरडलास, "कचेरीचे हात! सहीपुरतेच!" माझ्या सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला. मी मान खाली घालून चिंचेचा भात खाल्ला.

त्या दिवशी तू मला एक गोष्ट शिकवलीस आणि त्याच क्षणी ती शिकणे मला अशक्य करून ठेवलेस. पुढच्या वर्षी मागणीच्या कागदावर तोच दोर लिहिताना माझा हात थांबला होता. आता मला माहीत होते. माहीत असून मी लिहिले, कारण तू हसला होतास.

माझ्या आईला पुराच्या दिवसांत पैलतीरी माझ्या बहिणीकडे न्यायचे होते, तेव्हा तूच तिला नेलेस. ती भित्री, होडीत बसताच विठ्ठलाचे नाव घेऊन रडू लागली. तू वल्हे नावाड्याकडे देऊन तिच्यापुढे बसलास आणि ती पैलतीरी उतरेपर्यंत तिला लहानपणच्या गोष्टी विचारत राहिलास. परतल्यावर मला एका शब्दाने टोचले नाहीस. तो दिवस मध्ये आला नसता तर तुझा द्वेष करणे मला सोपे झाले असते. त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे आणि त्याबद्दलही मला तुझा राग येतो.

आता नऊ वर्षांपूर्वीचे. जे तू चारचौघांत सांगितले नाहीस, ते मला सांगितले पाहिजे.

सकाळी मोळ्या भरलेली होडी घाटाशी आखूड दोराने खुंटाला बांधलेली होती. आपल्याकडे पाऊस नव्हता. वरच्या मुलुखात झाला असावा. दुपारपर्यंत पाणी हातभर चढले. दोर पाण्याखाली गेला, फुगला, आखडला. खुंट हलेना आणि गाठ सुटेना, म्हणून वर चढायची ती होडी नाकाने खाली ओढली जाऊ लागली. मारिमुत्तू, तुझा सर्वांत जुना नावाडी, पुढे ओणवून होडीच्या नाकावरच्या कडीपाशी गाठ सोडू लागला. प्रवाहाने होडीला हिसका दिला, दोर ताणला गेला, आणि त्याची दोन बोटे दोर आणि कडी यांच्यामध्ये सापडली. आत पाणी शिरत होते. होडीत आणखी दोघे होते, त्यांतल्या एकाला पोहता येत नव्हते. तू कोयता दातांत धरून उडी घेतलीस आणि एका घावात दोर तोडलास. होडी सुटली. तिन्ही माणसे वाचली. मारिमुत्तूची बोटे वाचली नाहीत.

चौकशी झाली. मुकादमाने घाईने कोयता चालवला आणि सरकारी नोकराला अपंग केले, असा आरोप होता. तू म्हणालास, दोष दोराचा. साहेबांनी दोर मागवला. कचेरीच्या अंगणात त्याचे एक टोक चिंचेच्या झाडाला बांधले, दुसऱ्याला चार बैल जुंपले. दोर कोरडा होता. बैल घसरले, झाडाची साल निघाली, दोर तुटला नाही. साहेब समाधानाने मान हलवत होते.

तू अंगणाच्या कडेला, दोन शिपायांच्या मध्ये उभा होतास. तू ओरडलास, "भिजवा! आधी भिजवा, मग गाठ मारा, मग सोडून दाखवा!" पुन्हा ओरडलास, त्याहून मोठ्याने. साहेबांना आपली भाषा येत नव्हती. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "काय म्हणतो आहे?"

मी म्हणालो, "काही नाही, साहेब. तो संतापला आहे."

एवढेच. माझा आवाज नेहमीसारखा हळू होता. त्यानंतर मी अहवाल लिहिला. दोर ताणून पाहिला, तो तुटला नाही, असे त्यात आहे. अहवालात एकही खोटा शब्द नाही, आणि नऊ वर्षे मी स्वतःला हेच सांगत आलो. अंगणातले ते एक वाक्य मी कागदावर येऊ दिले नव्हते.

तू माझ्याकडे पाहिलेस. मला वाटले, आता हा धावून येईल. आणि खरे सांगतो, तू आला असतास तर मला बरे वाटले असते. तू आला नाहीस. तुझी होड्यांवरून बदली झाली. तिरुप्पनंदाळच्या वाटेवरच्या कालव्याची दारे वर-खाली करण्याचे काम तुला दिले, आणि ज्याने जन्मभर पुराच्या पाण्यात होडी घातली तो माणूस गुडघाभर पाण्यावर पहारा करू लागला.

आणि तू माझ्याशी सभ्यपणे वागू लागलास! तुझ्या साऱ्या दुष्टपणांत हा सर्वांत मोठा. लग्नात, मुंजीत, श्राद्धात भेटलास की, "ये, येंकू. जेवलास का? मुले बरी ना?" टोमणा नाही, हसणे नाही. इतर सर्वांना तू पूर्वीसारखा गाढव म्हणायचास. मला मात्र पाट मांडून द्यायचास. मी तुझ्यासमोर बसून वरण-भात गिळत असे आणि वाट पाहत असे की आज तरी हा शिवी देईल.

दहाव्याचे विधी आटोपून आम्ही तुझ्या घरी आलो तेव्हा माझ्या उपरण्यात कागद होता. तो मी आदल्या दिवशी लिहिला होता. कचेरीकडे जायचा, परंतु आधी वहिनींना ऐकवायचा असे ठरवले होते. त्या दाराआड भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाहेर ओट्याच्या पायरीवर मारिमुत्तू बसला होता. तो दहाही दिवस येत होता म्हणे.

मी म्हणालो, "वहिनी, थोडे वाचून दाखवायचे आहे."

"मग वाचा, भावोजी. विचारता कशाला?"

मी वाचले. कागद चांगला लिहिलेला होता. "भाषांतर करताना माझ्या हातून अपूर्णता राहिली", असे एक वाक्य त्यात होते आणि ते मला आवडले होते.

"अपूर्णता म्हणजे काय?" त्यांनी विचारले.

"म्हणजे, अण्णा जे म्हणाला ते मी साहेबांना सांगितले नाही."

"मग तसे लिहा की. आणि मारिमुत्तू बाहेर बसलाय. बोटे त्याची गेली. त्याला त्याच्या भाषेत सांगा. मला ऐकू येईल असे सांगा."

मराठीत मला शब्दांच्या आड उभे राहता येते, अण्णा. लहानपणापासून आपण तमिळ बोलतो ती बाजारात आणि रस्त्यावर. त्या भाषेत माझ्यापाशी सजवलेले काहीच नाही. नावाडी आपल्या दोघांना रायर म्हणतात, तुला मोठे रायर. मी पायरीपाशी गेलो आणि सांगितले, "मोठे रायर 'दोर भिजवा' म्हणत होते. साहेबांनी मला विचारले. मी सांगितले नाही. मुद्दाम."

मारिमुत्तूने वर पाहिले. त्याने तीन बोटांनी डोक्याचे फडके सारखे केले.

"ठाऊक आहे, रायर."

"कोणी सांगितले?"

"मोठ्या रायरांनीच. त्याच संध्याकाळी. मी म्हटलं, चला, साहेबाच्या दाराशी बसू, दुसरा कोणी भाषा जाणणारा आणू. तर म्हणाले, गप्प बस. तो येऊन सांगेल. मऊ माणूस आहे, त्याला झोप लागणार नाही, चार दिवसांत येईल. मग दर आडीत मी विचारायचो, आला का तुमचा मऊ माणूस? म्हणायचे, येईल रे."

दाराआड वहिनी रडू लागल्या. मी रडलो नाही. मला संताप आला. नऊ वर्षे! तू माझी वाट पाहत होतास! कोणावर इतका विश्वास टाकण्याचा तुला काय अधिकार होता? एकदा गचांडी धरून विचारले असतेस, माझ्या दाराशी उभा राहून गल्लीला ऐकवले असतेस, तर मी त्याच दिवशी मोडलो असतो आणि तू तुझ्या होड्यांवर परत गेला असतास. जन्मभर ओरडलास आणि जेथे ओरडायला हवे होते तेथे मला पाट मांडून दिलास. मारिमुत्तूला मी हे सर्व बोललो. तो शांतपणे म्हणाला, "त्या दिवशी अंगणात ते ओरडलेच होते की, रायर."

मी घरी आलो.

मी कागद नव्याने लिहिला. "अपूर्णता" काढली. तो स्वतः नेऊन दिला. आताचे साहेब तरुण आहेत. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले की मुकादम वारला आहे, प्रकरण जुने आहे, यामुळे तुमच्या उरलेल्या चाकरीचे काय होईल याचा विचार केला आहे काय? मी हो म्हणालो. काय होईल ते अद्याप कळलेले नाही. चौकशीत तुझ्या नावापुढे पडलेला दोषाचा शेरा निघेल की नाही, तेही कळलेले नाही. दोराच्या मागणीवर मात्र मी होड्यांपुरता काथ्याचा दोर लिहिला आणि दर आडीपूर्वी तो बदलावा, अशी सूचना जोडली. विहिरीला, परांचीला, तंबूला तागच ठेवला आहे. त्या बाबतीत तू चुकीचा होतास आणि मी ते तुझ्यासाठी बदलणार नाही.

काल घाटावर जाऊन नावाड्यांना हे सांगितले. एकाने विचारले, "रायर, इतकी वर्षे मग तो दोर का दिलात?" मी कारण सांगितले, सर्व. ते ऐकत होते आणि मधेमधे एकमेकांकडे पाहत होते. कोणी शिवी दिली नाही. एकाने बसायला उलटी टोपली पुढे केली, तेव्हा मात्र मी निघून आलो.

गावात आता लोक म्हणू लागले आहेत की व्यंकटरावांचे मन मोठे, भाऊ गेल्यावर का होईना त्याचे नाव धुतले. म्हणून हे लिहून ठेवतो. तू जिवंत असतास तर मी यातले काहीही केले नसते. तू हे ऐकून हसशील, या एका भयाने मी तो कागद माझ्या मरणापर्यंत दाबून ठेवला असता, आणि दर आडीत चार होड्या त्याच दोराने बांधल्या गेल्या असत्या. तू गेलास तेव्हा मला बोलता आले. इतका मी तुला भीत होतो, आणि अण्णा, तू 'येईल रे' म्हणत राहिलास, इतका तू मला ओळखत नव्हतास.